लिपिडिमामध्ये व्यायामाचा उपयोग नेमका कशासाठी?

प्रश्न :
दोन्ही पायांना लिपिडिमा (पायांत चरबी साचून ते जाड आणि दुखरे होण्याचा आजार) असल्याचे निदान होऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मी रोज पाऊण तास चालते. वजन चार किलोंनी उतरले, कंबर बारीक झाली. पण मांड्या आणि पोटऱ्यांचा घेर जवळजवळ तेवढाच आहे आणि संध्याकाळी पाय इतके ठणकतात की साधा स्पर्शही सोसवत नाही. घेर कमी होणार नसेल, तर व्यायामाला उपचार कोणत्या अर्थाने म्हणायचे?

उत्तर 1 :
आपले प्रयत्न कुठेही कमी पडलेले नाहीत, हे आधी सांगते. 1940 मध्ये ॲलन आणि हाइन्स या अमेरिकी डॉक्टरांनी वर्णन केलेल्या या आजारातील चरबी आहार-व्यायामाला फारशी दाद देत नाही, म्हणूनच कंबर उतरली तरी पाय तसेच राहिले. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना मोजपट्टी बाजूला ठेवून तीन गोष्टी नोंदवायला सांगते : ठणका किती वाजता सुरू होतो, न थांबता किती पायऱ्या चढता येतात आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतील रक्त आणि लसीका (ऊतींमधून वाहून नेला जाणारा पातळ द्रव) वर ढकलली जाते, त्यामुळे जडपणा कमी होतो. मात्र नुसत्या चालण्याने मांडीच्या पुढच्या स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही आणि या आजारात ते अनेकदा दुबळे असतात. म्हणून आठवड्यातून दोनदा हलक्या वजनाचे व्यायाम जोडावेत.

उत्तर 2 :
मला स्वतःला पाण्यातल्या व्यायामाने सर्वाधिक आराम मिळाला. छातीइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत जातो, म्हणजे दाबाच्या मोज्यांचे काम पाणीच करते, शिवाय गुडघ्यांवरचा भारही हलका होतो.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. जमिनीवर चालताना दाबाचे मोजे घालावेत का?

उत्तर 1 :
होय, पण पायांच्या रोहिण्यांचा रक्तपुरवठा डॉक्टरांकडून तपासून घेतल्यानंतरच. व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या दिवशीही टिकला, तर वेळ निम्मी करावी आणि मग हळूहळू वाढवावी. एकच पाय अचानक सुजला, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण लिपिडिमा दोन्ही पायांत सारखा असतो आणि एका पायाची सूज रक्ताच्या गुठळीची असू शकते.