कंट्री बॅलड : पोवाडा, भावगीत की कथागीत?

प्रश्न : अमेरिकन कंट्री गाण्यांवर लेख लिहिते आहे. 'बॅलड'ला 'पोवाडा' हा शब्द बऱ्याच ठिकाणी दिसतो. पण डॉली पार्टनच्या १९७४ च्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू'लाही बॅलड म्हणतात आणि त्यात सांगण्यासारखी गोष्टच नाही. मग काय लिहावं?

प्रतिसाद : 'पोवाडा' नको. इंग्रज अधिकारी ॲक्वर्थसाहेबांनी १८९४ मध्ये पोवाड्यांची भाषांतरं 'बॅलड्स ऑफ द मराठाज' या नावानं छापली. इंग्रज वाचकाला पोवाडा समजावून द्यायला तो शब्द ठीकच होता, पण उलट दिशेनं तो जुळत नाही. शाहीर डफावर थाप मारून सभेपुढे पराक्रम गातो आणि शेवटी आपलं नाव गुंफतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरातली जुनी बॅलड्स घरात, बहुधा साथीशिवाय म्हटली जात. कर्ता कोण ते ठाऊक नसे आणि गाणारा कुणाची बाजूही घेत नसे. 'बार्बरा ॲलन' या अशाच एका बॅलडचा उल्लेख लंडनच्या सॅम्युएल पीप्सच्या १६६६ च्या रोजनिशीत आहे. तेच गाणं लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाला अडीचशे वर्षांनी त्या डोंगरात ठिकठिकाणी ऐकायला मिळालं. गंमत म्हणजे तिथले लोक या गाण्यांना 'लव्ह साँग' म्हणत, मग त्यात खून का असेना. 'बॅलेट' म्हणजे त्यांच्या लेखी गाणं उतरवून घेतलेला कागद!

या परंपरेला 'कथागीत' हा शब्द चपखल बसतो. १८६८ मध्ये फाशी गेलेल्या टॉम डूलाचं 'टॉम डूली' घ्या, नाहीतर जॉर्ज जोन्सचं १९८० मधलं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असं गाण्यातल्या नायकानं प्रेयसीला सांगितलेलं असतं. उशाशी १९६२ ची पत्रं आहेत आणि त्यातल्या प्रेमाच्या शब्दांखाली लाल रेघा ओढलेल्या आहेत. मित्र त्याला भेटायला जातो, तर तो छान कपड्यांत, किती वर्षांनी हसतोय. दारावर पुष्पचक्र लागलेलं आहे, हे नंतर कळतं आणि शीर्षकाचा खरा अर्थ तेव्हा उलगडतो. तो मेला, असं गाणं कुठेही थेट म्हणत नाही. मला तरी या लेखणीपुढे हात जोडावेसे वाटतात. २००४ च्या 'व्हिस्की ललबाय'मध्ये आधी तो आणि मग ती, दोघंही दारूत संपतात, पण दोष नेमका कुणाचा याचा निवाडा गाणं करत नाही. त्या जुन्या बॅलड्सचं वळण अजून टिकलंय ते असं.

प्रश्नकर्ती : पटलं. मग डॉलीच्या गाण्याला 'भावगीत' म्हणू का?

प्रतिसाद : अर्थानं चुकणार नाही, पण 'भावगीत' म्हटलं की मराठी कानाला गजानन वाटवे आणि आकाशवाणीच ऐकू येते. 'विरहगीत'ही अर्धंच. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना डॉलीनं त्याच्यासाठी ते लिहिलं. ते निरोपाचं आहे, आणि त्यात कृतज्ञता जास्त आहे. आज गाण्याच्या धंद्यात कुठल्याही संथ, भावनेनं ओथंबलेल्या गाण्याला बॅलड म्हणतात. त्या अर्थी सरळ 'बॅलड'च लिहा, वाचकाला कळतं. गोष्ट असेल तिथे 'कथागीत'. जोन्सच्या गाण्याला दोन्ही शब्द लागू पडतात, तेव्हा एकदा 'संथ चालीचं कथागीत' असं लिहून पुढे जा. आणि 'कंट्री'चं 'ग्रामीण लोकगीत' मात्र करू नका. १९२० च्या दशकातल्या रेकॉर्डिंगपासून ते तबकड्या विकणाऱ्यांचं संगीत आहे, आणि बहुतेक गाण्यांना नाव-गाव असलेला गीतकार आहे.