क्लिक अभिक्रियेत प्रोटीन गढूळ होतंय, काय चुकतंय?

प्रश्न: क्लिक अभिक्रियेने (तांब्याच्या मदतीने अल्काइन आणि अझाइड हे गट जोडणारी) प्रोटीनला रंग (डाय) जोडायचाय. अल्काइन बसवलेलं प्रोटीन ३० मायक्रोमोलर, अझाइड-डाय १५० मायक्रोमोलर, कॉपर सल्फेट १ मिलिमोलर, अस्कॉर्बेट (तांबं सक्रिय करणारं व्हिटॅमिन सीचं रूप) ५ मिलिमोलर, फॉस्फेट बफर, पीएच ७.४. दहा मिनिटांत द्रावण दुधाळ होतं, जेलवर पट्टी पसरते.

उत्तर १: यात लिगंडच (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) नाही! मोकळं तांबं हिस्टिडिनला चिकटतं आणि अस्कॉर्बेट व हवेतल्या ऑक्सिजनसोबत पेरॉक्साइड बनवतं, त्यातून प्रोटीन खराब होतं. कॉपर २५० मायक्रोमोलरवर आणा, टीएचपीटीए (असाच एक लिगंड) त्याच्या पाचपट, म्हणजे १.२५ मिलिमोलर. हे दोन्ही आधी वेगळ्या नळीत मिसळा, मग प्रोटीन-डायमध्ये घाला. अस्कॉर्बेट अगदी शेवटी. नळी काठोकाठ भरून झाकण लावा. व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) नको, हलकेच उलटी-सुलटी करा.

उत्तर २: अमिनोग्वानिडिनही ५ मिलिमोलर घाला. अस्कॉर्बेटपासून बनणारे कार्बोनिल आर्जिनिनला चिकटतात, त्यांना ते आधीच पकडतं. अस्कॉर्बेट त्याच दिवशी विरघळवा, पिवळं दिसलं की फेका. प्रोटीनला हिस-टॅग (हिस्टिडिनची जोडलेली शेपटी) असेल तर तोही तांबं धरून ठेवतो. आधीच्या पायरीतलं टीसीईपी किंवा डीटीटी (दोन्ही क्षपणकारक रसायनं) उरलंय का?

प्रश्नकर्ता: टीसीईपी होतं, गाळलं नव्हतं.

उत्तर २: मग डिसॉल्टिंग कॉलम (प्रोटीनमधून छोटे रेणू वेगळे करणारा) आधी. टीसीईपी अझाइडलाही खातं. तासाभराने १० मिलिमोलर ईडीटीए (तांबं पकडून घेणारं) घालून अभिक्रिया थांबवा. कॉपरविना एक नळी सोबत चालवाच, नाहीतर नुसता चिकटलेला डायही यश वाटेल.