भिंतीला ओल, कपाट फुगलं आणि मालक म्हणतात डिपॉझिट कापणार. काय करावं?

ओली_भिंत

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, नवरा, मी आणि मुलगी. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे, तिला खालच्या बाजूने ओल यायला लागली. आधी नुसता पंजाएवढा डाग होता, मग रंग फुगला, पोपडे निघाले, आणि आता बोट लावलं तरी प्लास्टरची वाळू खाली पडते आणि वर पांढरं पिठासारखं काहीतरी आलंय. डागाच्या कडेला पिवळट रेघ आहे आणि ती रेघ वर वर सरकतेय.

मालकांना पहिल्यापासून सांगतोय. दर वेळी "बघतो, माणूस पाठवतो". खूप मागे लागल्यावर एक माणूस आला, त्याने बाथरूमच्या टाइल्सच्या फटींत व्हाइट सिमेंट भरलं आणि गेला, बेडरूममध्ये येऊन भिंत बघितली पण नाही. थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच.

त्या भिंतीला आमचं स्वतःचं कपाट होतं, मागचा प्लाय फुगला, आता दार लागत नाही. खालच्या खणात मुलीची पुस्तकं होती, पानं एकमेकांना चिकटून ठोकळा झालाय. बेड मालकांचा आहे, त्याच्या भिंतीकडच्या पायाला आणि फळीला बुरशी. मुलगी रात्री खोकते, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की घरात ओल आहे का.

आता मालक बघायला आले आणि म्हणाले तुम्ही खोलीत कपडे वाळत घालता, खिडक्या बंद ठेवता, त्यामुळे हे झालंय, रंगाचा आणि बेडचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. मी अक्षरशः थक्क झाले. करारात एवढंच आहे की "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी". ही किरकोळ आहे का? नवरा म्हणतो सरळ भाडं थांबवू. आमच्या कपाटाचं, पुस्तकांचं काही मिळू शकतं का? घर सोडायचं म्हटलं तर डिपॉझिट त्यांच्याकडे. त्याच भिंतीवर स्विचबोर्ड पण आहे, म्हणून कपडे वाळवायचा स्टँड तर तिथे आम्ही कधी ठेवतच नाही.

पाना_पक्कड

ताई बाकीचं नंतर, आधी तो स्विचबोर्ड. ओल्या भिंतीवरचा बोर्ड वापरू नका, त्या सर्किटचा मेन खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे सेफ, पण एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाच्या अंगातून करंट गेला तर तो पडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, घरात साधारण ३० मिलिअँपिअरचा बसवतात. बोर्डाला हात लावून झिणझिण्या येतात का हे मुलांना तपासायला देऊ नका आणि स्वतःही बघू नका.

आता ओल. मी प्लंबिंगची आणि वॉटरप्रूफिंगची कामं करतो, हे कपडे वाळवण्याचं कारण मी इतक्या मालकांकडून ऐकलंय. कपड्यांच्या वाफेने पण ओल येते, नाही असं नाही. पण ती कशी येते तर खोलीतली दमट हवा गार भिंतीला लागते आणि तिथे पाणी धरतं. म्हणून ती बहुतेक बाहेरच्या भिंतीला, वरच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे जिथे हवा फिरत नाही तिथे दिसते, आणि काळे ठिपके येतात. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. आतली भिंत, बाथरूमकडची, खालून वर चढणारी, पिवळी रेघ आणि पांढरं पीठ. त्या पिठाला आम्ही लोणा म्हणतो. पाणी विटेतून, प्लास्टरमधून आतल्या आत चालत येतं, येताना क्षार विरघळवून आणतं, बाहेर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरवर बसलेल्या वाफेने असा लोणा फुटत नाही. त्याचे अगदी जवळून फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. तुमच्या बाजूचा सगळ्यात बोलका पुरावा तो आहे.

अजून एक टेस्ट घरच्या घरी करा. ओलीच्या कडेला जिथे रंग अजून धरून आहे तिथे प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एकदोन दिवस राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूला धरलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला धरलं तर हवेतलं आहे. व्हिडिओ काढूनच चिकटवा आणि व्हिडिओ काढूनच सोडवा.

मग लीक कुठला ते. सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरू द्या, मग वॉटर मीटर बघा. काही न वापरता काटा फिरत असेल तर प्रेशरची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप गळतोय, तिथे चोवीस तास पाणी. मीटर गप्प असेल तर संशय ड्रेनेजवर, नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, ते वापरलं तरच गळतं. दोन दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ बंद ठेवून डाग थांबतो का बघता आलं तर बघा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून न फ्लश करता अर्ध्या तासाने बघा, भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेलाय. तो मात्र किरकोळ, तो तुम्हीच बदला.

व्हाइट सिमेंटचं म्हणाल तर ते वरची फट बुजवतं. खालचा पाइप गळत असेल तर त्याने काय होणार. आणि कोणी घाईने त्यावर पुट्टी मारून रंग द्यायला आला तर अडवा, गळती बंद करून भिंत सुकायला काही आठवडे द्यावे लागतात, नाहीतर पोपडे परत येणार आणि तेव्हा परत नाव तुमचंच.

ओली_भिंत

खूप खूप आभार दादा, बोर्डाचा मेन लगेच बंद केला. मीटर बघितला, सगळं बंद असताना काटा हलत नाहीये. म्हणजे ड्रेनेज? प्लास्टिक आज रात्री चिकटवते.

दोन_चाव्या

मी इथे मालकाच्या बाजूने लिहितोय, माझा पण एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. मालकाला दर वेळी वाईटच समजू नका एवढं आधी म्हणतो. बाथरूमची फरशी उखडायची म्हणजे मोठा खर्च, खालच्या मजल्यावाल्यांशी बोलणं, आणि भाडेकरू घरात असताना काम, म्हणून माणूस चालढकल करतो. पण चालढकल केली तर नुकसान त्याच्याच घराचं होतं, आतली सळई गंजली की काम कुठच्या कुठे जातं. तुमच्या मालकांना हे असं सांगून बघा, भांडण म्हणून नाही, "तुमची भिंत खराब होतेय" म्हणून.

पण डिपॉझिट कापणार हे जे बोलले ते मला पटलं नाही. किरकोळ दुरुस्ती म्हणजे नळाचा वॉशर, दाराची कडी, बल्ब. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किरकोळ कसं होईल?

एक मात्र तुम्ही करा. कपाट आणि बेड भिंतीपासून लांब ओढा, पुस्तकं दुसऱ्या खोलीत न्या, आणि प्लंबर यायचा म्हटल्यावर वेळ द्या. माझ्या आधीच्या भाडेकरूंनी तीन वेळा "आज जमणार नाही" म्हटलं आणि मग दुरुस्ती केली नाही म्हणून तक्रार. दार उघडलं नाही तर तुमची बाजू तिथेच पडते.

कलम_आणि_कागद

मी करारमदाराचं काम करते म्हणून थोडं सविस्तर.

भाडं थांबवू नका. हे पहिलं आणि ठळक. तुमचा राग बरोबर आहे, पण भाडं थांबवलं की विषय ओलीचा राहत नाही, थकबाकीचा होतो, आणि थकबाकी हे घर खाली करून घ्यायचं सगळ्यात सोपं कारण. भाडं वेळेवर, बँकेतून, आणि सोबत मेसेज की दुरुस्ती बाकी आहे, हक्क राखून भाडं देत आहोत.

कायदा जागेप्रमाणे बदलतो, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी दिसते, की मालकाची जबाबदारी त्याला कळवल्यापासून मोजतात. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये आहे की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करू शकतो. "बांधील आहे" हे शब्द महत्त्वाचे, म्हणून करार बघावा लागतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १४ आहे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबायचं, मग भाडेकरू दुरुस्ती करू शकतो, पण वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर नाही. लिव्ह अँड लायसन्स असेल तर तुम्ही कायद्याने "भाडेकरू" नसता, तिथे करारातलीच वाक्यं जास्त चालतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याचं कलम ११ आहे, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराचा ढाचा, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था मालकाकडे. जर्मनीत तर दोष असेपर्यंत भाडं कायद्यानेच कमी होतं, पण तिथेही भाडेकरूने कळवलं नाही तर तो हक्क हातचा जाऊ शकतो. म्हणून तुमच्या जागी नक्की काय लागू आहे ते स्थानिक वकिलाला करार दाखवून विचारा, स्वतःहून वजावट करायच्या आधी तर नक्कीच.

आता कळवण्याचं. तुमचं बहुतेक सगळं फोनवर झालंय असं वाटतंय. आज एकच मेसेज आणि ईमेल टाका, साध्या भाषेत: ओल पहिल्यांदा कधी दिसली, तुम्हाला कधी कधी फोन केले (कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडा), कोण येऊन काय करून गेला, आज काय अवस्था आहे, स्विचबोर्ड धोक्यात आहे, अमुक तारखेपर्यंत प्लंबर पाठवा, आम्ही या या वेळी घरी आहोत. शिव्या नाहीत, धमकी नाही, "तुम्ही नेहमी असंच करता" नाही. हे वाचणारा उद्या तिसराच माणूस असू शकतो, त्याच्यासाठी लिहा. उत्तर नाही आलं तर तेच स्पीड पोस्टाने.

डिपॉझिट आणि सामान या दोन बाजू वेगळ्या ठेवा. डिपॉझिटमधून तुम्ही केलेलं नुकसान कापता येतं, नेहमीच्या वापराने झालेली झीज नाही, आणि गळतीने गेलेला रंग तर नाहीच. कापायचंच म्हणाले तर बिल आणि कारण लेखी मागा. तुमच्या कपाटाचं मागताना नव्याची किंमत मागू नका, वापरलेल्या वस्तूची आजची किंमत धरतात. बिल नसेल तर खरेदीचा बँकेचा मेसेज, घरात कपाट चांगलं असतानाचा वाढदिवसाचा एखादा फोटो, काहीही चालतं. तो पुस्तकांचा ठोकळा टाकून देऊ नका, फोटो काढून पिशवीत ठेवा. आणि तुमच्या कपाटाचा हक्क मुख्यतः कळवल्यानंतर झालेल्या नुकसानावर उभा राहतो, म्हणून तारखा.

मुलीच्या खोकल्याचं डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या. घरातल्या ओल आणि बुरशीवर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढलीय, दमा आणि श्वसनाच्या त्रासाशी संबंध त्यात मांडलेला आहे. पण या ओलीनेच हा खोकला झाला असं तुम्ही स्वतः लिहू नका, डॉक्टरांना जे लिहायचं ते लिहू दे.

सामान_बांधलेलं

वरच्या ताईंशी सहमत. एकच भर घालतो, घर सोडताना चावी द्यायच्या आधी मालकांबरोबर खोलीखोलीतून फिरा, व्हिडिओ चालू ठेवा, मीटर रीडिंग घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या. आम्ही आत येताना काढलेला व्हिडिओ होता, त्यात तीच भिंत थोडी फुगलेली दिसत होती, तो पाठवल्यावर कापाकापीचं बोलणंच बंद झालं. तुमच्याकडे शिफ्ट होतानाचे फोटो असतील तर मागची भिंत शोधा त्यात, मुलीचा बेडवर बसलेला फोटो असेल, पडद्याचा असेल.

ओली_भिंत

अपडेट देतेय. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने, भिंतीकडून पाणी धरलं, थेंब स्पष्ट दिसतायत, व्हिडिओ आहे. काल रात्री बसून मेसेज लिहिला, कलम ताईंनी सांगितला तसाच, लोण्याचे फोटो, कॉल लॉग, सगळं जोडलं. नवऱ्याला भाड्याचं पटवलं, भाडं गेलंय. जुने फोटो शोधले तर राहायला आलो त्या आठवड्यातला एक मिळाला, मुलगी त्याच भिंतीला टेकून बसलीय, भिंत कोरडी आणि रंग अख्खा.

मालकांचं आज उत्तर आलं, शनिवारी प्लंबर घेऊन येतो म्हणाले, डिपॉझिटबद्दल एक शब्द नाही. पण नहाणीची फरशी फोडावी लागली तर बाथरूम बंद राहील आणि घरात दुसरं नाही. तेवढे दिवस कुठे राहायचं आणि भाडं पूर्ण द्यायचं का?

कलम_आणि_कागद

हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, शनिवारीच. किती दिवस लागतील ते प्लंबरच्या तोंडून मालकांसमोर वदवून घ्या, तेवढ्या दिवसांचं भाडं माफ किंवा राहायची सोय यातलं एक मागा, आणि संध्याकाळी "आज ठरल्याप्रमाणे" असा मेसेज टाका. त्यांनी नुसतं "ओके" लिहिलं तरी चालेल.

पाना_पक्कड

आणि फरशी फोडल्यावर नवा ट्रॅप बसला, वॉटरप्रूफिंग झालं की लगेच टाइल्स लावू देऊ नका. तळाशी पाणी भरून किमान चोवीस तास ठेवायला सांगा, पातळीची खूण करा आणि खालच्यांच्या छताला ओल येते का विचारा. त्यात पास झालं तरच पुढचं काम.