मदत हवी आहे: फोर्ड मस्टँगचं ३५१ (घनइंची) इंजिन रीबिल्ड केलंय, तापतंय. कुठला पंखा घेऊ?

उष्माघात_डॅलस:
१९७० ची मस्टँग माक १. इंजिन नुकतंच रीबिल्ड झालंय, बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०३० इंचाने वाढवलाय. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज सगळं नवं. तरी काटा २३० फॅ.च्या पुढे जातो. शनिवारी कार शो आहे. दोन इलेक्ट्रिक पंखे टाकू की क्लच फॅनच (इंजिनावर फिरणारा पंखा) ठेवू? कृपया 'अवलंबून आहे' असं उत्तर नको.

तेरा_चौदा:
अवलंबूनच आहे राव. कधी तापते? सिग्नलला चढून पळताना उतरत असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा आणि श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) बघा. हायवेला ताशी ६५ मैलांवर चढत असेल तर पंख्याचा संबंधच नाही, त्या वेगाला हवा आपोआप येते. मग खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतोय का (आत स्प्रिंग आहे?), इग्निशन टायमिंग मागे आहे का (ठिणगी उशिरा पडतेय का), हे बघा. रेडिएटर २० इंची की २४ इंची? श्राउड आहे ना?

विजेचा_पंखा:
डोळे झाकून लिंकन मार्क एट गाडीचा १८ इंची पंखा टाका. पूर्ण वेगाला ३५-४० अँपिअर खातो, चालू होताना त्याहून बराच जास्त. मूळ ऑल्टरनेटरला हे झेपणार नाही. फोर्डचाच १३० अँपिअरचा थ्री-जी ऑल्टरनेटर बसवा, पंख्याला आठ गेजची वायर, ७० अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ फ्यूज. विषय संपला.

नाना_डेट्रॉईट:
संपला कसा? विषय अजून सुरूच झालेला नाही. फोर्डची ३५१ दोन वेगळी इंजिनं आहेत. तुमचं विंडसर की क्लीव्हलँड?

उष्माघात_डॅलस:
नाना, ३५१ म्हणजे ३५१. व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) एच आहे. तापायचं म्हणाल तर दोन्हीकडे तापते, हायवेला जास्त. रेडिएटर २४ इंची. श्राउड काढून ठेवलाय, तो असला की बॉनेट उघडल्यावर इंजिन नीट दिसत नाही.

तेरा_चौदा:
श्राउड काढलाय! हे पहिल्या ओळीत सांगायचं असतं. आधी तो परत बसवा. पात्यांची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर. श्राउडशिवाय पंखा स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो.

नाना_डेट्रॉईट:
१९७० मध्ये एच म्हणजे टू-बॅरल कार्ब्युरेटरचा ३५१, आणि त्या वर्षी फोर्डने तो विंडसर आणि क्लीव्हलँड दोन्हींत दिला. त्यामुळे एचवरून काहीच कळत नाही. टॅपेट कव्हरचे बोल्ट मोजा. एका बाजूला सहा असतील तर विंडसर, आठ असतील तर क्लीव्हलँड. शिवाय वरचा होज इंटेक मॅनिफोल्डमधून पुढे निघत असेल तर विंडसर, ब्लॉकमधून उभा वर येत असेल तर क्लीव्हलँड.

विंडसर निघाला तर हेड गॅस्केटवर संशय. गॅस्केटवर 'फ्रंट' लिहिलेली बाजू दोन्ही बँकांना (सिलिंडरांच्या दोन्ही रांगांना) पुढेच हवी. उलटी बसली की पाणी मागच्या सिलिंडरांकडे न जाता पुढूनच वर चढतं आणि परत फिरतं.

शिसेमुक्त:
रीबिल्ड करताना एक्झॉस्टला हार्डन्ड व्हॉल्व्ह सीट टाकल्या का? आता पेट्रोलमध्ये शिसं नसतं, जुन्या सीट खोल जातात.

तेरा_चौदा:
शिसेमुक्त, माहिती बरोबर, धागा चुकला.

गॅरेजमधला_गण्या:
सोपा उपाय: थर्मोस्टॅट काढून टाका. पाणी जोरात फिरेल.

नाना_डेट्रॉईट:
गण्या, क्लीव्हलँड असेल तर हा सर्वात वाईट सल्ला आहे. त्यात थर्मोस्टॅट ब्लॉकमध्ये बसतो आणि त्याच्या खाली बायपासचं भोक असतं. इंजिन थंड असताना त्या भोकातून पाणी थेट पंपाकडे परत जातं. गरम झालं की थर्मोस्टॅटखालची पितळी टोपी खाली सरकून भोक बंद करते, मग सगळं पाणी रेडिएटरकडे. थर्मोस्टॅटच काढला तर भोक कायम उघडं, आणि गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटर न बघताच इंजिनात परत.

उष्माघात_डॅलस:
आठ बोल्ट. होज ब्लॉकमधून उभा. थर्मोस्टॅट १८० फॅ. चा, दुकानात '३५१ साठी द्या' म्हणून मागितला होता. टोपीबिपी आठवत नाही.

नाना_डेट्रॉईट:
मग विंडसरचा मिळालाय. दोन्हीचा व्यास सारखा असल्याने चुकीचाही निमूट बसतो. क्लीव्हलँडचा म्हणून, टोपीचा १८० वाला मागा. बसवण्याआधी टॉर्च मारून खाली बघा: भोकाभोवती पितळेची गोल प्लेट ठोकलेली हवी. मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुताना ती निघते आणि परत लावायचं राहतं. प्लेट नसेल तर योग्य थर्मोस्टॅटही निरुपयोगी, टोपी टेकणार कशावर? नवी बनवलेली प्लेट मिळते. सपाट ड्रिफ्टने सगळीकडून सारखी ठोकून बसवा, वाकडी जाऊ देऊ नका.

विजेचा_पंखा:
हे सगळं केलं तरी ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिकच बरा. इंजिन आयडलला असलं तरी पूर्ण वेगाने फिरतो.

तेरा_चौदा:
चांगला क्लच फॅन आणि श्राउड स्टॉक इंजिनला पुरतो, वायरिंगही उसवावं लागत नाही. इलेक्ट्रिक घेतलाच तर पूर्ण कोअर झाकणाऱ्या श्राउडसकट घ्या. नुसता रेडिएटरला बांधला तर त्याच्यासमोरच्या गोलापुरतीच हवा ओढली जाते.

उष्माघात_डॅलस:
प्लेट नाहीये. भोक नुसतंच आहे. ऑर्डर केली, सोमवारी येईल. शनिवारी कशी नेऊ?

नाना_डेट्रॉईट:
ट्रेलरवर.

तेरा_चौदा:
प्लेट आणि थर्मोस्टॅट बसले की टायमिंग बघा, एकूण अ‍ॅडव्हान्स ३४-३६ अंश, व्हॅक्यूम होज काढून ३००० आरपीएमला. मग डिस्टिल्ड वॉटर आणि हिरवं कूलंट निम्मं निम्मं. गाडीचं नाक वर करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून भरा. थर्मोस्टॅटच्या कडेला १/८ इंचाचं भोक पाडलं तर हवा अडकत नाही. रेडिएटरची टोपी १६ पीएसआयची असली तर हे मिश्रण साधारण २६५ फॅ.ला उकळतं, त्यामुळे २१० बघून घाबरू नका.

शिसेमुक्त:
व्हॉल्व्ह सीटचं अजून सांगितलं नाहीत.