आंबोलीचा चापडा साप सोलापुरात दिसेल का?

माळरान_सोलापूर: पावसाळ्यात आंबोलीला मलबारी चापडा पाहिला. ओढ्यावरच्या फांदीवर वेटोळं घालून बसलेला, जागचा हलेना. डोळ्यांतून जातच नाही! आपल्या सिद्धेश्वर तलावाकडच्या झाडांवर असेल का?

घाटवेडा: नाही हो. तो सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला. हिरवा, पिवळा, तपकिरी, कितीतरी रंगांत दिसतो. डोळा आणि नाकपुडीमधल्या खळग्यानं उष्णता हेरतो, रात्री बेडूक, पाली, उंदीर धरतो. अंडी नाही, थेट पिल्लं.

अक्कलकोटची_ताई: चावला तर?

घाटवेडा: आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचं. चापड्याचं वेगळं मिळत नाही. तरी ताई, तडक दवाखाना गाठायचा. आणि फोटोसाठी फांदी हलवू नका, कळकळीनं सांगतो.