यानिसचं नाव, पण कमी भावात: सिमेंटच्या कोर्टवर टिकेल का?

रिबाउंड82: कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं. वजन 82 किलो, पोस्टला, म्हणजे बास्केटजवळ खेळतो. एनबीएतल्या यानिसच्या नावाचा नाइकीचा झूम फ्रीक बूट परवडत नाही, म्हणून त्याच्याच नावाचा स्वस्तातला इम्मॉर्टॅलिटी बघतोय. यात नेमकं काय कमी दिलंय? गुडघे आधीच कुरकुरतात.

पिवळी_जर्सी: घे बिनधास्त. शूज संध्याकाळी घालून बघ, खेळायचे मोजे नेऊन.

जुना_सेंटर: जुने बूट फाडून आत बघायची खोड आहे मला, म्हणून सांगतो. फ्रीकमध्ये झूमची पिशवी आहे: दाबाखालची हवा आणि आत उभे ताणलेले धागे. आदळलास की दबते, लगेच उसळते. इम्मॉर्टॅलिटीत ती नाही, नुसता फोम. दुकानात चार पावलं टाकून फरक कळायचा नाही, नवा फोम मऊच लागतो. पण तो बसत जातो, आणि तुझ्या वजनाखाली लवकर बसेल.

तरी तुझ्या कोर्टवर आधी जाणार तो तळ. मऊ रबर लाकडी कोर्टवर छान धरतं, सिमेंट त्याला खोबऱ्यासारखं किसतं. बूट उलटा कर, नख रुतवून बघ. नक्षी खोल आणि रेषा जाड हव्यात. पारदर्शक तळ फोटोपुरता, धूळ बसली की घसरतो.

पिवळी_जर्सी: मग जा मोरँटच्या नावाचा ‘जा 1’ बूट? 110 डॉलरला आला होता, तरी झूम आहे.

जुना_सेंटर: आहे, पण पंजाखाली. मोरँट पंजावरून उडणारा गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब चेंडू खेळवणारा, पैसा तिथेच घातलाय. टाच कडक. हा गडी रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) घेऊन टाचेवर उतरणार.

थ्री_पॉइंटर: एनबीएतल्या स्टीफन मार्बरीने 2006 मध्ये 14.98 डॉलरचा स्टारबरी वन बूट काढला आणि न्यूयॉर्क निक्स संघाकडून तोच घालून खेळला. स्वस्त म्हणजे टाकाऊ नाही, काका.

जुना_सेंटर: टाकाऊ कोण म्हणालं? तो एकाच दुकानसाखळीत विकला जायचा, जाहिरातीवर फारसा खर्च नव्हता, म्हणून तो भाव. शिवाय मार्बरी लाकडावर खेळायचा, आणि जोड झिजला तर दुसरा हजर. आपल्याला एकच वर्षभर ओढायचाय.

रिबाउंड82: टाचेवर आदळतो हे खरंय. इम्मॉर्टॅलिटी घेऊन वेगळा इनसोल (आतली गादी) टाकला तर?

जुना_सेंटर: टाक, पण मूळचा काढून. एकावर एक घातलेस तर टाच वर येते, बूट पकडत नाही आणि घोटा मुरगळतो. गुडघे मात्र आधी डॉक्टरला दाखव, ते काम बुटाचं नाही.