ओहोटीला मुलांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायचेत, वेळ आणि जागा कशी ठरवावी?

माटुंगा_रोड
थोरला ६ वर्षांचा, धाकटी ३ वर्षांची. चौपाटीवर गेलं की भेळ, फुगे आणि परत, एवढंच होतं. या वेळी खेकडे, शंख, समुद्रफुलं (खडकाला चिकटून राहणारे, फुलासारखे दिसणारे प्राणी) दाखवायची आहेत. पण रविवारी जावं तर पाणी पार वर आलेलं असतं. नेमकी वेळ कशी काढतात? दोघांना झेपेल अशी जागा कुठली?

वर्सोवा_७
आधी वेळ, मग जागा. कालनिर्णयात तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला ३ ची पाऊणपट सव्वादोन, म्हणून ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ताही बघाच.

पाणी किती उतरणार हेही तितकंच महत्त्वाचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. तेव्हा ओहोटीलाही पाणी साधारण १.८ मीटरवरच थांबतं आणि खडपं (किनाऱ्यावरचे खडक) झाकलेली राहतात. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तोच आकडा पाऊण मीटरपर्यंत येतो. मुलांसाठी सगळ्यात सोयीची द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत.

बँडस्टँडवाली
ताई, धाकटीला खडकांवर नेऊ नका, तिच्यासाठी जुहूची पुळण (वाळूचा किनारा) छान. थोरल्याला वांद्र्याच्या बँडस्टँडला नेता येईल, पण काठाजवळच्या खडकांपुरतंच, आणि एका मोठ्या माणसामागे एकच मूल. लाटा फुटतात तिकडे अजिबात नाही.

स्लिपर नकोत. शेवाळावर त्या सरकतात आणि कालवांची धार उघड्या बोटांना कापते. मागे पट्टा असलेले, पुढून बंद रबरी सँडल घाला. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पाणी पहिल्या तासात हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात झपाट्याने. शिवाय ते समोरूनच येत नाही, खडकांमधल्या सखल जागा आधी भरतात आणि परतीची वाट मागच्या मागे बंद होते. जून ते सप्टेंबर हा बेत नकोच. पाऊस आणि लाटा तर असतातच, त्यात ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे निळे जीव) किनाऱ्याला लागतात. त्या मेलेल्या दिसल्या तरी डसतात.

खडपं_आणि_शंख
सोबत सपाट तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा न्या. तो डबक्यातल्या पाण्यावर हलकेच टेकवून आत बघायचं. वरची चमक आणि तरंग जातात, तळ स्वच्छ दिसतो. मुलांना याची फार गंमत वाटते.

डबक्याशी गेल्यावर दोन-तीन मिनिटं न हलता बसायचं. मुलं लगेच वाकतात, सावली पडते, खेकडे फटीत शिरतात आणि मग ‘इथे काहीच नाही’ म्हणून रडारड. गप्प बसलं की एखादा शंख चालायला लागतो, त्यात साधू खेकडा असतो. म्हणूनच रिकामे शंख घरी आणू नयेत. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, तो तिथेच मिळायला हवा. समुद्रफुलाला बोट लावू देऊ नका, ते मिटतं आणि नुसतं मिटलेलं बघण्यात मजा नाही. निमुळत्या, नक्षीदार जिवंत शंखाला तर मोठ्यांनीही हात लावू नये, कोन जातीची गोगलगाय विषारी असते. दगड उचललाच तर होता तसाच पालथा ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात.

जुहूला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. इवले खेकडे वाळूतलं खाणं वेचून उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. धाकटी यातच रमेल.

गटाने जायचं असेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, जाणकार सोबत असतात.

माटुंगा_रोड
खूप आभार! पुढच्या रविवारी पंचमी आहे. जमेल?

वर्सोवा_७
५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. पाणी तृतीयेइतकं मागे जाणार नाही, तेव्हा जुहूलाच जा. पावणेनऊला पोचा. टोप्या, प्यायचं पाणी आणि हात धुवायला वेगळी बाटली व साबण घ्या, कारण हात धुतल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही. पायाला जखम असेल तर ते मूल कोरड्या वाळूवरच. बँडस्टँड पुढच्या द्वितीयेला.